ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा का ऐकायची?

चार-पाच वर्षांच्या कुठल्याही मुलाला भोपळ्याची गोष्ट सांगायला बसा आणि मुद्दाम एक खोडी काढा. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा भेटतो, म्हणतो, तुला खाणार. म्हातारी म्हणते, 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.' इथवर ठीक. पुढे वाघ भेटला की तिच्या तोंडी तूपरोटीऐवजी वरणभात घाला. पोरगं लगेच अडवतं. असं नाही, तूपरोटी! गोष्ट शेवटासकट पाठ असते, तरी एक शब्द इकडचा तिकडे केलेला खपत नाही.

पुराणकथा आणि परीकथा आपल्या डोक्यात आणि घरात नेमकं काय करतात हे समजून घ्यायचं, तर या हट्टापासून सुरुवात केलेली बरी. पुढे काय होणार याची उत्सुकता त्या मुलाला नाहीच. आपल्याला आधीच कळलं होतं आणि तसंच झालं, याची गंमत त्याला वाटते. एक जनावर आलं, त्याला वायदा मिळाला. दुसरं आलं, त्यालाही तोच वायदा मिळाला. आता तिसरं येणार. घाट ओळखायचा आणि पुढचा तुकडा मनात आधीच रचून ठेवायचा, हे काम मूल त्या दहा मिनिटांत करत असतं. घाट पक्का बसला की मग तेच पोरगं स्वतः खोड्या काढायला लागतं. म्हातारीला मध्येच मगर भेटवतं, भोपळ्याला ब्रेक आणि हॉर्न लावतं. आधी हट्ट आणि मग खोडी, हा क्रम सहसा उलटा होत नाही.

हीच म्हातारी बंगालमध्येही आहे. तिथे ती कंबरेत वाकलेली आहे आणि दुधी भोपळ्यात बसून परत येते. उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांनी १९१० साली मुलांसाठी छापलेल्या संग्रहात तिची गोष्ट आहे. इराणमध्येही ती घराघरांत माहीत आहे. तिथे तिला लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात आणि ती लेकीकडे जाऊन पुलाव आणि कोंबडी खाणार असते. लेकीचं घर, वाटेवरची जनावरं, 'जाडजूड होऊन येते' हा वायदा आणि गडगडणारा भोपळा हे सगळीकडे सारखं. खायला काय, जनावर कुठलं, परतीचं गाणं कसं, हे ज्या त्या मुलखाचं. आपल्याकडे 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' आहे, बंगालीत दुधी गडगडतो आणि त्या गाण्यात चिंच आणि पोहे येतात.

गोष्टीचा सांगाडा वेगळा आणि मांस वेगळं, हे पद्धतशीरपणे मांडणारा माणूस रशियन होता, व्लादिमीर प्रॉप. त्याने शंभर रशियन परीकथा घेऊन त्यांतली पात्रं बाजूला ठेवली आणि फक्त कृती पाहिल्या. घरातलं कुणी दूर जातं, नायकाला मनाई केली जाते, तो ती मोडतो, कुणीतरी त्याची परीक्षा घेतं, त्याला एखादी जादूची वस्तू मिळते, अवघड काम सांगितलं जातं, ते तो पार पाडतो. अशा ३१ कृती त्याला सापडल्या. सगळ्या गोष्टींत सगळ्या येत नाहीत, पण ज्या येतात त्या साधारण ठरावीक क्रमाने येतात. १९२८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. वाचायला ते पुस्तक रटाळ आहे, बीजगणितासारखी सूत्रं मांडली आहेत. पण ते वाचल्यावर आपल्याकडची राजपुत्राची कुठलीही गोष्ट ऐकताना डोक्यात आपोआप खुणा पडायला लागतात.

आता प्रश्न असा, की सांगाडा एवढा ठरलेला असेल तर त्यात सर्जनशीलता कुठे आली? ख्यालाची बंदिश आठवा. शब्द दोन-चार ओळींचे, राग ठरलेला, ताल ठरलेला, सम कुठे येणार हे समोरच्या श्रोत्यालाही माहीत. तेवढ्यावर गवई पाऊण तास गातो, आणि तेच ते ऐकलं अशी तक्रार कुणी करत नाही. समेची जागा माहीत असते म्हणूनच तो तिथे कसा पोचतो याकडे लक्ष लागतं.

परीकथांनी मुलं हुशार होतात, असं आइनस्टाइन म्हणाल्याचं एक वाक्य पालकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी फिरतं. ते त्याच्या स्वतःच्या लिखाणातलं नाही, ऐकीव आहे. गोष्टी ऐकून बुद्ध्यांक वाढतो अशी हमी देणाऱ्या कुणावरही मी विश्वास ठेवणार नाही. पण कल्पनाशक्ती कशी चालते यावर झालेलं काही काम मात्र पटण्यासारखं आहे. टॉमस वॉर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सांगितलं, पृथ्वीपेक्षा अगदी वेगळ्या एखाद्या ग्रहावरचा प्राणी कल्पनेने काढा. काहीही काढायची मोकळीक होती. बहुतेकांनी काढलं काय, तर दोन्ही बाजू सारख्या असलेला, डोळे असलेला, पाय असलेला प्राणी. म्हणजे पृथ्वीवरचंच जनावर, थोडं वाकडंतिकडं केलेलं. शून्यातून काही निर्माण करणं माणसाला जवळपास जमतच नाही. ओळखीचं काहीतरी घ्यायचं आणि त्यातलं एखाददुसरं बदलायचं, ही आपल्या कल्पनेची रीत आहे.

पुराणकथा हा या रीतीचा जुना आखाडा आहे. नरसिंह घ्या. धड माणसाचं आणि तोंड सिंहाचं, एवढंच पाहिलं तर ती सोपी जोडणी वाटते. खरी बुद्धी हिरण्यकशिपूच्या वरात आहे. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको. घरात नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्राने नको. सगळ्या वाटा बंद केल्यासारख्या वाटतात. मग गोष्ट एकेका अटीच्या फटीत बोट घालते. उंबरठा घरातही नाही आणि बाहेरही नाही. संध्याकाळ दिवसही नाही, रात्रही नाही. मांडी जमीनही नाही, आकाशही नाही. नखं शस्त्रांत मोजत नाहीत. अटी नीट वाचायच्या आणि दोन अटींच्या मधली मोकळी जागा शोधायची, हेच काम यंत्र आखणारा अभियंता करतो, करारात पळवाट शोधणारा वकीलही करतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवलेलं मला माहीत नाही. आजीने मात्र शिकवलेलं असतं, तेही भक्तीची गोष्ट सांगते आहे असं तिला स्वतःला वाटत असताना.

ओळखीच्या गोष्टीचा नव्या कलेला काय उपयोग होतो, हे मराठी मुलखाने दोनदा दाखवलं आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत मराठी नाटकाचा पहिला खेळ केला, तो सीतास्वयंवराचा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला भारतीय कथापट आणला, तो राजा हरिश्चंद्राचा. दोघांनीही पुराणच का घेतलं? लोक भाविक होते म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. दुसरं अर्धं असं, की नवं माध्यम बघणाऱ्याला मुळात बिचकवतं. पडद्यावर हलणारी माणसं, आवाज नाही, दृश्य मध्येच तुटून दुसरंच सुरू होतं. अशा वेळी गोष्टही नवी असती तर प्रेक्षक गोंधळून गेला असता. हरिश्चंद्र म्हटलं की स्वप्नात दिलेलं वचन, विश्वामित्र, राज्य सोडणं, डोंबाघरची चाकरी हे सगळं आधीच डोक्यात होतं. प्रेक्षकाने गोष्ट घरून आणली, फाळक्यांनी फक्त ती हलवून दाखवली.

खुद्द फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं तेही एका धर्मकथेवरूनच. मुंबईत गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पुढे सरकत होता आणि आपल्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. एका परंपरेचा सांगाडा पाहून दुसऱ्या परंपरेचं मांस आठवलं, इतकी साधी ती घटना होती, आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. शिवाय फाळक्यांना हातचलाखीच्या छायाचित्रणाची भारी हौस. माणूस अदृश्य करायचा, उडवायचा, जाळातून काढायचा, तर पुराणाइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? पडद्यावर यायला बायका तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले खाणावळीत काम करणारे साळुंके. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तेच साळुंके राम झाले आणि सीताही झाले. लोकांनी खपवून घेतलं, कारण समोरचं पात्र कोण आहे हे ओळखायला त्यांना चेहऱ्याची गरजच नव्हती.

हरिश्चंद्राची हीच कथा आणखी एका माणसाने लहानपणी रंगमंचावर पाहिली होती. त्या नाटकाने आपल्याला झपाटलं आणि मनातल्या मनात आपण हरिश्चंद्र किती वेळा खेळलो असू याची गणती नाही, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. सगळेच हरिश्चंद्रासारखे खरं का बोलत नाहीत, हा प्रश्न त्या मुलाला पडला. एकाने त्या गोष्टीचा चित्रपट केला, दुसऱ्याने ती जगून बघायची ठरवली.

गोष्ट सगळ्यांना माहीत असण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. जे उघड बोलता येत नाही ते तिच्या आडून बोलता येतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे 'केसरी'तले सहकारी. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली, कर्झनवर देशभर राग होता, आणि छापून लिहिलं तर राजद्रोहाचा खटला ठरलेला. १९०७ मध्ये खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. महाभारतातलं विराटपर्व. पांडव अज्ञातवासात आहेत, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते आहे, आणि राणीचा भाऊ कीचक तिच्यावर हात टाकतो. युधिष्ठिर म्हणतो, धीर धरा, वेळ आलेली नाही. स्वयंपाकी झालेला भीम म्हणतो, आणखी किती धीर? नाटकात इंग्रज नाही, कलकत्ता नाही, फाळणीचा शब्द नाही. पण कीचक म्हणजे कर्झन, विटंबना झालेली द्रौपदी म्हणजे देश, समजुतीचं बोलणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि मुठी आवळणारा भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कथेतले पांडव वेष पालटून राहिलेले, आणि कथाही वेष पालटून आलेली. शेवटी भीम काय करतो हे तर पोरासोरांनाही माहीत होतं, आणि नाटकाचा दारूगोळा तिथेच होता. सरकारला ते कळायला थोडा वेळ लागला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारतातल्या एका प्रसंगावर बंदी घालावी लागणं, ही खाडिलकरांना मिळालेली पावतीच म्हणायची.

कीचकवधासारखी झुंज रोजच्या घरात होत नाही. तिथे गोष्टी वेगळ्या तऱ्हेने काम करतात. श्रावणातली सोमवारची कहाणी पाहा, खुलभर दुधाची. आटपाट नगर होतं. नगराला नाव नाही, राजाला नाव नाही, म्हणून ऐकणारी प्रत्येक बाई ते नगर आपल्या गावावर बेतू शकते. राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली, गावातलं सगळं दूध देवळात आणा. लोक घाबरले. वासरांना ठेवलं नाही, पोरांना दिलं नाही, घरातलं होतं नव्हतं ते दूध नेऊन ओतलं. गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी घरचं काम आटोपलं होतं, पोराबाळांना खाऊ घातलं होतं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं होतं, गाईवासरांना चारा घालून त्यांचा आत्मा थंड केला होता. उरलेलं खुलभर दूध आणि बेलाचं पान घेऊन ती देवळात आली, तेवढं ओतलं आणि गाभारा भरला. हे पुढच्याही सोमवारी घडतं. शेवटी राजा स्वतः पाळतीवर बसतो आणि म्हातारीला हटकतो. म्हातारी त्याला तोंडावर सांगते, की तुझ्या हुकुमाने पोरं आणि वासरं तळमळली, ते देवाला आवडलं नाही.

आरा नोरेनझायान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ग्रिम बंधूंनी जमवलेल्या गोष्टींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जगभर गाजल्या आणि ज्या कुणाला आठवत नाहीत, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी ताडून पाहिल्या. गाजलेल्यांमध्ये अशक्य वाटणाऱ्या बाबी बहुधा दोन-तीनच निघाल्या. चमत्कार अजिबात नसला तर गोष्ट विसरली जाते आणि ओळीओळीला असला तर डोक्यात राहत नाही, असा त्याचा रोख. खुलभर दुधाची कहाणी या मापात चपखल बसते. चमत्कार एकच, गाभारा भरतो तेवढा. बाकी सगळं चूल, गोठा आणि न्हाणीघर.

आणि ती ऐकतं कोण ते बघा. सोमवारी उपास धरून, घरातल्यांची जेवणंखाणं उरकून, हातात अक्षता घेऊन बसलेली बाई. कहाणीतली म्हातारी सकाळपासून जे करत होती तेच ती करून आलेली असते. देवासाठी वेळ मिळाला नाही म्हणून मनात जी टोचणी असते, तिच्यावर कहाणी सांगते की तू केलंस तीच पूजा, उरलेलं खुलभर पुरे. राजाची भक्ती, जी दुसऱ्यांच्या पोरांच्या तोंडचं काढून घेते, ती देव घेत नाही. करवसुलीवर इतकं नेमकं बोलणारं काही आपल्या जुन्या वाङ्मयात शोधायला गेलं तर फार सापडणार नाही, आणि हे व्रताच्या पुस्तिकेत, आरत्यांच्या शेजारी छापलेलं असतं.

माणसाला गोष्टीची सवय किती खोल आहे, यावरचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी एक छोटी फिल्म केली. दोन त्रिकोण आणि एक गोल इकडेतिकडे सरकतात, एका चौकोनात जातात, बाहेर येतात. बस. काय पाहिलं ते लिहा म्हटल्यावर ३४ जणांच्या गटात केवळ एकाने ते नुसत्या आकृत्यांच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना दांडगट दिसला, घाबरलेली मुलगी दिसली, भांडण दिसलं. हलत्या त्रिकोणात जर आपल्याला दादागिरी दिसते, तर शेजाऱ्याच्या, साहेबाच्या, जावेच्या वागण्यात गोष्ट न बघता आपण राहूच कसे?

तयार गोष्टी इथे कामाला येतात. कुणाकडे जाताना नेलेला लहानसा डबा पुढे करत आपण म्हणतो, 'सुदाम्याचे पोहे आहेत हो.' या एका वाक्यात दोन माणसांना भूमिका वाटून दिल्या जातात. देणारा सुदामा झाला, त्याची लाज गेली. घेणारा कृष्ण झाला, त्यामुळे त्याला आता ते आवडीने, जमल्यास समोरच उघडून खाणं भाग आहे. श्रीमंत-गरीब हा अवघड विषय कुणी काढलाही नाही आणि सुटलाही. वर्तमानपत्रवाले त्रिशंकू विधानसभा म्हणतात, तेव्हाही असंच होतं. बहुमताचा हिशेब मांडण्याआधीच वाचकाला अधांतरी लटकलेला राजा दिसतो. २४ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली, तेव्हा घराच्या दारावर लक्ष्मणरेषा ओढली गेली आहे असं म्हटलं. संसर्गाचं गणित समजावण्यापेक्षा ते सोपं होतं, आणि ओलांडली तर काय होतं हेही सांगून झालं होतं. गंमत अशी की ही रेषा वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सित, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या, आवृत्तीत नाहीच. ती पुढच्या काळात कुणीतरी, कुठेतरी घातली. मूळ ग्रंथात नसलेली भर आज त्या प्रसंगाची सर्वांत ठळक खूण झाली आहे. गोष्टीचा मालक कोण, या वादात पडणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा.

या तयार भूमिकांची दुसरी बाजूही आहे आणि ती गोड नाही. बायको गेलेल्या माणसाशी लग्न करून एखादी बाई घरात येते, तेव्हा ध्रुवाला मांडीवरून ढकलणारी सुरुची आणि हिमगौरीला विष देणारी राणी तिच्या आधीच घरात येऊन बसलेल्या असतात. तिने मुलाला गृहपाठासाठी रागावलं तरी शेजारणी एकमेकींकडे बघतात. हिमगौरीची ती दुष्ट राणी १८१२ च्या ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत सावत्र नव्हती. ती सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र करण्यात आलं. सख्ख्या आईची प्रतिमा जपली गेली आणि त्याचा भुर्दंड पुढे कित्येक खऱ्याखुऱ्या सावत्र आयांनी भरला. आपल्या व्रतकथांतही हा धाक आहेच. वसा टाकला, देवी कोपली, घरावर दारिद्र्य आलं, नवरा परदेशी अडकला. 'उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस' हे ऐकायला गोड लागतं. पण घरातल्या प्रत्येक आपत्तीचा हिशेब बाईच्या पूजेतल्या चुकीपाशी नेऊन ठेवण्याची सोयही त्यातच आहे. खुलभर दुधाची कहाणी सांगणाऱ्या परंपरेनेच हेही सांगितलं. मला दोन्ही एकाच पंगतीला बसवता येत नाहीत.

पण बायका नुसत्या ऐकत बसल्या नाहीत. सीतेला दुसऱ्यांदा वनवास का झाला, याचं ग्रंथातलं उत्तर आहे लोकापवाद. लोकपरंपरेत, महाराष्ट्रात आणि बाहेरही, वेगळंच सांगतात. कैकेयी सीतेला विचारते, रावण दिसायला कसा होता? सीता म्हणते, मी मान वर केली नाही, पायाचा अंगठा तेवढा पाहिला. मग तो काढून दाखव, म्हणते सासू. सीता भिंतीवर अंगठा काढते. ती गेल्यावर कैकेयी उरलेला रावण पुरा करते आणि रामाला बोलावून दाखवते: बघ, तुझ्या बायकोच्या मनात कोण आहे ते. एका महाकाव्याचा शेवट घरातल्या एका भिंतीपाशी, सासूने सुनेच्या बोलण्याला जोडलेल्या शेपटापाशी आणून ठेवला आहे. जी रोज हे सोसते तिलाच हे सुचेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यांतल्या अनेक आता ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्यांत सीतेच्या वनवासावरच्या ओव्या बऱ्याच आहेत. गाणाऱ्या बायका सीतेला देवी म्हणून हात जोडून लांब ठेवत नाहीत. शेजारच्या घरात नांदणारी असावी तशी तिची कड घेतात.

एक आवृत्ती सर्वांवर चढून बसते, तेव्हा हे थांबतं. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. टाळेबंदीत, मार्च २०२० च्या अखेरीस, ते पुन्हा दाखवलं गेलं. मालिका चांगली की वाईट हा मुद्दा बाजूला ठेवू. पण त्यानंतर वाढलेल्या अनेकांना राम म्हटल्यावर त्या नटाचाच चेहरा दिसतो. साळुंक्यांना एकाच पटात राम आणि सीता होऊ देणारा प्रेक्षक यापेक्षा सैल होता.

ज्या गोष्टीला कुणी अधिकृत केलं नाही, ती अजून हातात येते तशी वाकवता येते. भोंडल्याचंच बघा. मुलगी माहेरी जायचं म्हणते, सासू म्हणते, 'कारल्याचं बी पेर गं सुने, मग जा आपल्या माहेरा.' बी पेरून झालं तर कोंब येऊ दे, मग वेल वाढू दे, मग फूल, मग कारलं, मग भाजी. प्रॉपच्या यादीतलं अवघड काम ते हेच, राक्षसाऐवजी सासूने सांगितलेलं. कडवी हवी तितकी वाढवता येतात आणि पोरी वाढवतातही. एरवी सासूच्या अडवणुकीबद्दल तिच्या घरात एक अक्षर काढायची सोय नाही. इथे मात्र तिच्याच अंगणात, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून, सगळ्या मिळून मोठ्याने गातात. गाणी संपली की खिरापत काय आहे ते ओळखायचं असतं, आणि ती बहुतेक वेळा सासूनेच केलेली असते.